ओतीव बसवण्णा

मंगळवार बाजारात धुळाप्पा बिराजदाराला कुणी चहा विचारत नाही. विचारतील कसे? माणूस नुसता दुकानाच्या पायरीला लागला तरी दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडतात. शेजारच्याला खूण जाते, आला बघ. चोर म्हणून नव्हे हं. चोर परवडला, तो निदान मालाला नावं ठेवत नाही.

हा धुळाप्पा एका गणवेशाच्या कारखान्यात कटिंग मास्तर. शाळांच्या चड्ड्या आणि फ्रॉकांचं कापड थरावर थर रचायचं, खडूनं आखायचं, वरनं मशीन फिरवायचं. पगार बेताचा, शेळगीत दोन खोल्यांचं घर, आणि शौक कसला, तर जुन्या नाण्यांचा. लिलावात मुंबई-पुण्याची मंडळी मोबाईलवरनं बोली लावतात, तिथं ह्याची डाळ शिजत नाही. म्हणून त्यानं आपली वेगळी वाट धरली. जे कुणाला नको ते आपलं. कड झिजलेलं, वाकलेलं, कुणीतरी पोराच्या कमरेला बांधायला भोक पाडलेलं. भोकाच्या नाण्याला बाजारात निम्मी किंमत नाही. धुळाप्पा म्हणतो, भोकानं राजा बदलतोय काय? हे मात्र त्याचं खरं आहे.

सगळ्यात चांगला माल मिळतो तो मोडीच्या दुकानात. घरातली म्हातारी गेली की तिची तांब्या-पितळेची भांडी तिथं मोडीत येतात, आणि हंड्याच्या बुडाशी, डब्याच्या कोपऱ्यात एखादं जुनं नाणं चिकटून येतं. दुकानदार ती एका ताटात टाकतो. धुळाप्पाचा डोळा त्या ताटावर. पण बघायचं नाही, ही त्याची पहिली रीत. आधी एखादा फुटका तांब्या उचलून नाक मुरडायचं. मग ताटात बोट फिरवत समदं भंगार हाय म्हणायचं. हवं ते नाणं मूठभर बिनकामाच्या नाण्यांत मिसळायचं आणि मुठीचा भाव विचारायचा. भाव ऐकला की हसायचं. मग नेमकं तेच नाणं उजेडाला धरायचं आणि तोंड कडू करून म्हणायचं, "हे तर ओतीव हाय की ओ."

ओतीव म्हणजे नकली. खरं जुनं नाणं ठोकून पाडलेलं असतं, नकली साच्यात ओतलेलं. दुकानदाराला एवढं कळत नाही, त्याचा चेहरा पडतो आणि भावही पडतो. एवढ्यानं नाही पडला तर धुळाप्पा उठतो आणि चालायला लागतो. मागं वळून बघत नाही. ह्या उठून जाण्यावर त्याचा केवढा भरवसा! गिऱ्हाईक पायरी उतरलं की विकणाऱ्याचा जीव वरखाली होतो आणि तो हाक मारतोच, असं त्याचं पक्कं गणित.

शहाजीनं ते गणित एकदा चुकवलं. शहाजी म्हणजे मोडीवाला, जिभेनं धुळाप्पाच्या तोडीस तोड. ओतीव म्हणून धुळाप्पानं त्याच्याकडनं कवडीमोलानं नेलेलं आदिलशाही नाणं पुढं एका नाण्यांच्या प्रदर्शनात काचेखाली दिसलं, खाली चिठ्ठी, संग्राहक धुळाप्पा बिराजदार. पुढच्या बाजाराला शहाजीनं भर रस्त्यात त्याची पूजा बांधली. हा माणूस खऱ्याला खोटं म्हणून नेतो आणि घरी जाऊन त्यालाच ओवाळतो, असं चारचौघांत ओरडून सांगितलं. धुळाप्पाला लाज वाटली का? छे. तुला कळत नाही त्याला मी काय करू, म्हणाला आणि तिथंच उभा राहून पुढच्या दुकानातल्या ताटाकडं न बघायला लागला.

आता तर ताटंही आटलीत. मोबाईलवर कुणी तरी टवाळ पोरं व्हिडिओ टाकतात, अमुक पाच रुपयाचं नाणं द्या आणि दहा लाख घेऊन जा. झालं. ज्याला त्याला आपल्या घरात खजिना असल्याची स्वप्नं पडतात. भाजीवाली बाईसुद्धा मळकं नाणं दाखवून लाखाच्या खाली बोलत नाही. धुळाप्पा ह्या व्हिडिओवाल्यांना ज्या शिव्या घालतो त्या इथं लिहिण्याजोग्या नाहीत. कारखान्यात तोंड वेंगाडून बसतो, घरी महादेवीवर खेकसतो. महादेवी त्याची बायको. तिनं नवऱ्याच्या नाण्यांशी बोलणं कधीच सोडून दिलंय, नवऱ्याशी तेवढं चालू आहे.

एक मात्र कबूल करायला हवं. घरी बटणांच्या रिकाम्या डब्या उघडून बसला की हाच माणूस मऊ होतो. भिंग घेऊन एकेक अक्षर लावतो. कुठल्या तरी टांकसाळीत हातोडा मारणाऱ्याचा हात जरा सरकला आणि राजाचं नाव अर्धं बाहेर गेलं, म्हणून हळहळतो. त्या डब्यांपैकी एक डबी त्यानं मुद्दाम मोकळी ठेवलीय. त्यात काय यायचं ते त्याच्या मनात पोरवयापासून ठरलेलं.

ते नाणं त्याच्या स्वतःच्या घरातलं. म्हणजे थोरल्या भावाच्या घरातलं, बाळीवेशीतल्या. तांब्याचं, नखाएवढं, पुढच्या बाजूला नंदी, नंदीच्या वर चंद्रकोर, मागं नागरी अक्षरांच्या तीन ओळी. विजयनगरच्या देवरायाचं. पण त्या घरात त्याला कुणी नाणं म्हणत नसे. तो बसवण्णा, म्हणजे नंदीदेव. पूर्वी कधी तरी कुणा आजोबाला नांगराच्या तासात सापडला, नंदी दिसला म्हणून देवघरात बसला आणि देवच झाला. सोमवारी त्याला पाण्यानं धुवायचं, विभूती लावायची, बेलाचं पान ठेवायचं. चिंच, राख, पावडर काही म्हणता काही लावायचं नाही असा आजीचा दंडक, म्हणून नंदीचं वशिंड अजून जसंच्या तसं. सोमवारची ही कामगिरी लहानपणी धुळाप्पाकडं होती. ओल्या बोटाखाली ती अक्षरं लागायची, आणि तिथंच त्याला हे वेड लागलं. असे नंदी त्यानं पुढं बाजारात पुष्कळ बघितले, दोन-तीन घेतलेही. एकाचंही तोंड धड नाही. बसवण्णासारखा बसवण्णाच.

घरं वेगळी झाली तेव्हा देवघर रीतीप्रमाणं थोरल्याकडं राहिलं. थोरला मल्लप्पा, तापट गडी. वाटणी चालू असताना धुळाप्पा म्हणाला, भांडी नकोत मला, तेवढं ते नाणं द्या. मल्लप्पा ताडकन उठला. देवाला नाणं म्हणतोस, म्हणून त्यानं धाकट्या भावाला सगळ्यांसमोर घराबाहेर काढलं. त्यानंतर दोघं बोलले नाहीत. मल्लप्पा वारला तेव्हा धुळाप्पा परक्यासारखा दाराशी उभा राहिला आणि निघून आला. मनात म्हणाला, आता वैनीकडनं कधी तरी काढू. रडलासुद्धा, पण हे मनात होतं ते होतंच.

वैनी म्हणजे शांतम्मा. ती लग्न होऊन आली तेव्हा धुळाप्पा शाळेत होता. त्याच्या डब्यात भाकरी-चटणी बांधून देणारी तीच, आणि त्याच्यासाठी मल्लप्पाची बोलणी खाणारीही तीच. अलीकडं एकटीच राहत होती. एक दिवस तिचा फोन आला. सवड काढून ये, देवघराचं बोलायचं हाय, एवढंच म्हणाली आणि ठेवला.

धुळाप्पाचं डोकं लगेच बाजाराकडं धावलं. देवघराचं बोलायचं म्हणजे काय? पुण्याच्या पोरीनं, सिद्धेश्वरीनं, मोबाईलवर काही तरी बघितलं असणार. आईच्या कानात भरवलं असणार, आपल्या बसवण्णाचे लाख येतात म्हणून. म्हातारी आता भाव सांगायला बोलावतेय. पोरीला त्यानं मनातल्या मनात सोलून काढलं. मग शांतपणे ठरवलं, भाव बोलायच्या आतच पाडायचा. महादेवीला त्याचा चेहरा बघूनच कळलं. वैनीशी बाजार करू नका, म्हणाली. तुला काय कळतंय त्यातलं, म्हणून त्यानं चपला घातल्या.

शांतम्मानं चहा ठेवला होता. देवघर भिंतीवरनं उतरवून पाटावर मांडलं होतं, लाकडी, लहानसं, सागवानी. शेजारी बांधाबांध केलेल्या पिशव्या दिसत होत्या, पण धुळाप्पाला पिशव्या दिसल्या नाहीत. त्याला बसवण्णा दिसला आणि ताबडतोब त्यानं नजर घड्याळाकडं वळवली. सवयच ती.

शांतम्मा बसली, पदर सावरला आणि म्हणाली, हे बघ धुळाप्पा, माझं आता वय झालं, पोरगी एकटं राहू देईना, तर ह्या देवांचं... एवढंच बोलणं झालं आणि ह्यानं तोडलं.

"वैनी, आधीच सांगतो," तो म्हणाला, "मोबाईलवरचं काय खरं धरू नका. त्यो बसवण्णा ओतीव हाय."

शांतम्माला काही उलगडेना. ती म्हणाली, "देव बी ओतीवच असतेत की रे. गणपती ओतीव, घंटी ओतीव. त्यानं काय हुतंय?"

इथं थांबला असता तर? पण बाजारात अर्ध्यावर थांबणं त्याला ठाऊकच नाही. म्हातारीचा भाव अजून पडलेला नाही एवढंच त्याला दिसलं, आणि तो पुढं रेटत गेला. तसं नव्हे वैनी, म्हणाला, खोटं हाय ते. जुनं नव्हेच. कुणी तरी बाजारी माणसानं साच्यात ओतून आजोबाच्या गळ्यात मारलंय. असली शेकड्यानं मिळतात. मी आयुष्य घालवलंय ह्याच्यात, मला विचारा.

शांतम्माचा हात चहाच्या कपावरच राहिला. रोज सकाळी ज्याच्यापुढं ती सासूच्या मागं उभी राहिली, नंतर एकटी उभी राहिली, त्याच्याकडं तिनं एकदा बघितलं. मग बसवण्णा उचलून तिनं धुळाप्पाच्या तळहातावर ठेवला.

"हातात घेऊन सांग," ती म्हणाली. "तुझ्या अण्णाचा देव हाय ह्यो. खोटा हाय का?"

इतक्या वर्षांनी तो हातात आला होता. बोटाखाली अक्षरं लागली, तशीच, एकही पुसलेलं नाही. धुळाप्पाला वाटलं, वैनी खरा हाय हो, म्हणावं आणि रडावं. पण मग ती लाख म्हणेल. कुठनं आणायचे? त्यानं मूठ मिटली, उघडली आणि म्हणाला, "खोटा हाय, वैनी."

वर आणखी मोठेपणानं म्हणाला, असू दे, तुमाला अडचण नको, मी नेतो, तांब्याच्या भावानं काय हुईल ते देतो. शांतम्मानं बसवण्णा त्याच्या हातातनं काढून घेतला. खोटा देव कुणाला देत नसतात, एवढंच बोलली. चहा घे म्हणालीसुद्धा नाही. धुळाप्पा मनात म्हणाला, ताणतेय म्हातारी. मग तो आपल्या रीतीप्रमाणं उठला, चपला घातल्या आणि पायरी उतरला. मागं वळून बघितलं नाही. हाक आली नाही, पण ती दोन-चार दिवसांनी येते हेही त्याला ठाऊक होतं.

दोन-चार दिवस तो खुशीत होता. फोन उशाशी. डबीत नवा कापूस घातला. महादेवी विचारायची काय झालं, तो नुसता हसायचा. ते हसू बघून तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

सोमवारी दुपारी कारखान्यात फोन आला, पण महादेवीचा. आवाज असा की कापडावरचा खडू त्याच्या हातातनं सुटला. ती वैनीची चौकशी करायला पुण्याच्या सिद्धेश्वरीशी फोनवर बोलली होती. वैनी आज गाडीनं पुण्याला चालल्यात, कायमच्या. आणि त्याआधी सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेल्यात. घरातला बसवण्णा खोटा निघाला, खोटा देव घरात ठेवायचा नाही आणि कुणाला द्यायचाही नाही, पाण्यात सोडायचा. "काय सांगून आलात त्यांना?" महादेवीनं विचारलं. धुळाप्पानं फोन ठेवला. गळ्यात मापाचा टेप तसाच, तो रस्त्यावर आला आणि रिक्षात बसला.

मूर्ख, गाढव, असं स्वतःला म्हणत होता वाटेत. हे त्याला आधी का सुचू नये? भंगलेला, खोटा ठरलेला देव पाण्यात सोडतात, हे त्यांच्याकडं पोरासोरालाही माहीत. त्याला आजीनंच सांगितलेलं. पण नाणं म्हणून बघता बघता त्याच्या डोक्यातनं देव पार निघून गेला होता.

शांतम्मा तळ्याच्या पायऱ्यांवर होती, अगदी खालच्या. पायाला पाणी लागत होतं. तळहातावर बेलाचं पान, पानावर बसवण्णा. धुळाप्पा धापा टाकत खाली उतरला आणि थांबा म्हणाला. खरा हाय वैनी, खरा हाय. ओतीव नव्हे, ठोकीव हाय. सहाशे वर्षांचा असंल. देवरायाचं नाव हाय मागं, मी वाचून दाखवतो. असं बोलत सुटला आणि बोलता बोलता रडायलाच लागला.

शांतम्मानं त्याला पुरतं रडू दिलं.

"मग तवा खोटा का म्हणालास?"

"भाव पडावा म्हणून," धुळाप्पा म्हणाला. दुसरं काही सुचलंच नाही.

"कसला भाव?" तिला खरंच कळेना. "मी कवा इकते म्हणाले? घरचा देव कोण इकतंय का रे? पोरीच्या घरी त्यांचे देव हायेत. आपले देव आपल्या घरात ऱ्हावेत म्हणून तुला बोलावलं. देवघर उतरवून ठिवलं हुतं तुझ्यासाठी. नुसतं उचलून न्यायचं हुतं."

धुळाप्पानं दोन्ही हात पुढं केले. द्या वैनी, चुकलो, पाया पडतो, म्हणाला. शांतम्मा त्या हातांकडं बघत राहिली. हेच हात सोमवारी बसवण्णा धूत होते, हे तिला आठवलं असेल की नाही कुणास ठाऊक. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"तुझ्याकडं आला तर डबीत जाईल," ती म्हणाली. "तितं त्यो नाणं हुईल. हितं बसवण्णा तरी ऱ्हाईल."

आणि तिनं तळहात पाण्याखाली नेऊन उलटा केला. आवाजसुद्धा झाला नाही. बेलाचं पान तेवढं वर आलं.

धुळाप्पा कपड्यानिशी पाण्यात शिरला. पायऱ्या शेवाळलेल्या, तो घसरला, गुडघ्यावर पडला, तरी हात खाली घालून चाचपत राहिला. चिखल हाताला लागला, नारळाची शेंडी लागली, आणि मग गोल काही तरी. एक नव्हे, पुष्कळ. त्यानं मूठ भरून वर काढली. रुपया, दोन रुपये, पाच रुपये. भाविकांनी तळ्यात टाकलेली चिल्लर. ती त्यानं फेकली, पुन्हा बुडाशी हात घातला, पुन्हा मूठ भरली, पुन्हा रुपयेच.

वरनं शिट्टी वाजली. वॉचमन काठी आपटत खाली आला, चार माणसं त्याच्या मागनं. देवाचे पैसे चोरतोस, लाज न्हाय वाटत, म्हातारा झालास की, असं सुरू झालं. कुणी तरी मोबाईल काढून व्हिडिओ घ्यायला लागलं. धुळाप्पा पाण्यातच उभा, टेप गळ्यात ओला, मुठीत चिल्लर. माझं नाणं पडलंय, माझं नाणं पडलंय, एवढंच तो म्हणत होता. सगळेच असं म्हणतात, वॉचमन म्हणाला. मग पायऱ्या चढत असलेल्या शांतम्माला त्यानं हाक मारून विचारलं, की आजी, तुमी तितंच हुता, ह्यांचं नाणं पडलं का खरंच?

शांतम्मा थांबली. धुळाप्पानं तिच्याकडं बघितलं.

"त्याचं काय पडलं न्हाय," ती म्हणाली. "माझा बसवण्णा हुता त्यो."

मग ती पुढच्या पायऱ्या चढून गेली, तिला गाडी गाठायची होती. वॉचमननं धुळाप्पाची मूठ उघडायला लावली आणि एकेक रुपया त्याच्याच हातानं परत पाण्यात टाकायला लावला.